हलू नका, आप्पा

माझा धाकटा भाऊ काशीराम मुंबईला गिरणीत होता. आम्ही त्याला कशा म्हणायचो. शिमग्याला आमच्या गावचे चाकरमानी रत्नागिरीच्या मांडवी बंदरात आगबोटीतून उतरत, तेव्हा कुणाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक असे, कुणाच्या काखेत नवी छत्री. आमच्या कशाच्या गळ्यात मात्र चामड्याच्या पट्ट्याने अडकवलेला कॅमेरा. लालबागेतल्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्याच्या दुकानात तो सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचा. म्हाताऱ्याने आपला जुना कॅमेरा ह्याला देऊन टाकला, आणि तेव्हापासून आमच्या घरात कुणाला सुखाने भाकरी खाता येईना. घास तोंडात घातला की हा समोर उकिडवा बसलेलाच.

मी लग्न होऊन पलीकडच्या वाडीत पडले होते, पण शिमग्याला देवीची ओटी भरायला माहेरी येत असे. खरं सांगायचं तर ओटी हे निमित्त. मी यायची ते आप्पांचा, आमच्या वडिलांचा, नाच बघायला.

आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवीचा चांदीचा मुखवटा पालखीत बसवतात. त्याला रूप म्हणतात. पालखी घरोघर फिरते आणि शेवटी सहाणेवर, म्हणजे देवळापुढच्या जांभ्याच्या चौथऱ्यावर येते. तिथे दोघे जण तिचा दांडा डोक्यावर घेतात आणि हात सोडून ढोलावर नाचवतात. पुढचा नाचेल तसं मागच्याने नाचायचं. मागच्याला पालखीआड पुढचं काही दिसत नाही, त्याने दांड्यातूनच ओळखायचं. पुढचा मान आमच्या घराचा. आप्पा मिसरूड फुटल्यापासून पुढे नाचत होते.

एरवी आप्पा म्हणजे अगदी साधा माणूस. चारचौघांत बोलायचे नाहीत, कुणी मोठ्याने बोललं तर खाली बघायचे. पण ढोल वाजला आणि दांडा डोक्यावर आला की हा माणूस बदलायचा. छाती पुढे, डोळे अर्धे मिटलेले, पाय जमिनीला लागतात की नाही कळू नये. वजन कुठे जातं, असं मी लहानपणी विचारलं होतं. आप्पा म्हणाले होते, "नाचतो तवर ती आपल्याला उचलते. उबा ऱ्हायला, का मग आपन तिला उचलायची."

त्या वर्षी मानकऱ्यांनी ठरवलं की आप्पांचं वय झालं, हे शेवटचं नाचणं, पुढच्या सालापासून मान चुलत घरातल्या तरण्या पोराकडे. मानकऱ्यांत मोठे भागोजी. त्यांनी घरी येऊन, ओटीवर बसून, सुपारी कातरत हे सांगितलं. वाईट वाटून सांगितलं, पण सांगितलं. आप्पा "बरा" म्हणाले आणि पानाचं तबक त्यांच्यापुढे सरकवलं. मग कशा आला तेव्हा त्याला जवळ बसवून म्हणाले, "कशा, औंदा माजा नाच तुज्या त्या पेटीत धर. माजा तोंड न्हाय, नाच. मागून पोरां इचारतील, आजा कसा नाचायचा, तर कायतरी दाखवायला नको?"

आप्पांनी आयुष्यात आमच्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

काशीराम कचरला, कारण आदल्या वर्षी त्याने पालखीचा फोटो काढला होता आणि त्याची फजिती झाली होती. सगळा नुसता धूर. देवीच्या जागी पांढरा फराटा, आप्पांच्या जागी काळा. भागोजी म्हणाले, "देवीचा रूपच पुसलास काय रं?" गुरवाला तर ते अशुभच वाटलं आणि त्याने तो फोटो नेऊन पऱ्ह्याच्या वाहत्या पाण्यात सोडून दिला. गावात पोरं आमच्या कशाला महिनाभर धुरवाला म्हणत होती. मीही म्हटलं होतं एकदोनदा, भावाला चिडवायचं नाही तर कुणाला?

पण कशा तसा चिवट. वर्षभर त्याने त्या म्हाताऱ्याचं डोकं खाल्लं असणार. ह्या खेपेला त्याने मला ओटीवर बसवून कॅमेरा उघडून दाखवला. बाजाच्या पेटीच्या भात्यासारखा भाता पुढे आला, त्याच्या तोंडाशी भिंग आणि भिंगाभोवती आकडे. पंचवीस, पन्नास, शंभर. एक बारीक काटा त्यांच्यावरून सरकवता येत होता.

"ह्यो आकडा म्हंजे दार किती येळ उघडा ठेवायचा ता, बाय," तो म्हणाला. "शंभरावर उघडला नि लगीच लागला. पंचविसावर चौपट येळ उघडा."

"मग शंभरच लावावा की कायम. पंचवीस कशाला ठेवलाय?"

"दार लगीच लावलास तर उजेड बी थोडाच येनार. उन्हात चालता. सावलीत शंभर लावला तर फोटू काळा. सावलीत पंचवीस लावायचा, पन मग समोरचा हलता नये."

"म्हणजे आमच्या कोंबड्यांसारखं," मी म्हटलं. "दार उघडं ठेवलं तर वारा येतो, पण त्याबरोबर कोंबडीही सगळ्या घरभर फिरते."

कशा खो खो हसला. कोंबडी म्हणजे नाच, हे त्याला इतकं आवडलं की पुढे दोन दिवस तो येता-जाता म्हणत होता, "कोंबडी दारातच धरायची, बाय!" परळच्या पुलावरून त्याने पळती ट्रॅम शंभरावर धरली होती, आतल्या माणसाची टोपीसुद्धा दिसत होती. आप्पांना त्याने तो फोटो दाखवला. आप्पांनी तो लांब धरून, जवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "हा बरा. असाच माजा काढ." हिशेब सोपा होता. पालखी दरवर्षी ऊन असतानाच सहाणेवर येते. उन्हात शंभर. बस.

पण पालखीच्या दिवशी भागोजींच्या घरी घोळ झाला. त्यांच्या दोन सुनांचं, आधी ओटी कुणी भरायची ह्यावरून बिनसलं. थोरली म्हणे मान माझा, धाकटी म्हणे नवस माझा. एक नारळ घेऊन दारात उभी, दुसरी तांदळाचं सूप घेऊन तिच्यापुढे. पालखी अंगणात, ढोलवाले घाम पुसतायत, आणि भागोजी, जे साऱ्या गावाचे तंटे मिटवत, ते आपल्याच घरात खांबाला टेकून गप्प. शेवटी गुरवाने दोघींच्या ओट्या एकदम घेतल्या. तोवर ऊन सरत आलं होतं. कशा सारखा मावळतीच्या सड्याकडे, त्या उंच कातळमाळाकडे, बघत होता. मी त्याला म्हटलं, "जाऊ दे रे, होईल." त्याने मान हलवली, पण त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतं.

पालखी सहाणेवर आली तेव्हा ऊन सड्याआड गेलं होतं. काळोख नव्हता, माणसं ओळखू येत होती, पण सहाणेवरच्या वडाखाली सावली चांगली दाट झाली होती. आप्पांनी दांडा डोक्यावर घेतला. मागे केरू, भागोजींचा पुतण्या, अंगाने दणकट. ढोल पडला. आणि आप्पा नाचले.

मी किती वेळा बघितला होता तो नाच, पण असा नाही. शेवटचा आहे हे त्यांच्या पायांना कळलं होतं. पालखी त्यांच्या डोक्यावर हेलकावे खात होती आणि रूप कधी इकडे झुके, कधी तिकडे, जणू देवी प्रत्येकाला बघून घेत होती. बायका रडत होत्या. मीही रडत होते, आणि त्यात मला लाज वाटत नव्हती.

कशा माझ्या पुढेच गुडघ्यावर बसला होता. त्याच्या कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता. बाकीची फिल्म गावानेच संपवली होती. भागोजींचा मिशांसकट एक, केरूच्या बैलांचा एक, शाळेतल्या पोरांचा एक, नाही कुणाला म्हणायचं? दुसरी फिल्म आणायला रत्नागिरीला जावं लागलं असतं. मला त्याचं बोट दिसत होतं. त्याने काटा शंभरावर ठेवला. वर पाहिलं, वडाकडे पाहिलं. काटा पन्नासावर आणला. मग पंचविसावर. मग परत शंभरावर. कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला. शंभरावर फोटो काळा येईल, पंचविसावर धूर. मागच्या वर्षीची सगळी बोलणी त्याच्या कानात वाजत असणार. भागोजी त्याच्या शेजारूनच म्हणाले, "कशा, देवीचा रूप निवळ आला पायजे हां, गेल्या सालासारका नको."

त्याने काटा पंचविसावर नेला, उठून उभा राहिला आणि हात वर केला.

"आप्पा, थांबा! जरा थांबा! हलू नका!"

असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. डोक्यावर पालखी असताना पुढच्याला थांबवायचं नसतं हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण मुंबईच्या माणसाने कॅमेरा हातात घेऊन हात वर केला की गाव ऐकतं, त्या काळी ऐकायचं. ढोलवाल्यांच्या काठ्या हवेत राहिल्या. आप्पांनी डोळे उघडले. त्यांनी कशाकडे बघितलं आणि ते थांबले. मुलाने मागितलं म्हणून थांबले. दुसऱ्या कुणासाठी थांबले नसते, हे मी देवीची शपथ घेऊन सांगते.

कशाने अंतर लावलं, भाता पुढेमागे केला. "हलू नका हां, आप्पा, हलू नका." आप्पांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या, आणि गुडघा बारीक थरथरत होता, ते मला दिसलं. त्यांनी तो थरथरायचा थांबवला. कसा, त्यांनाच माहीत. कॅमेऱ्यात बारीकसा आवाज झाला.

"झाला!" कशा ओरडला.

झाला म्हटल्याबरोबर ढोलवाल्यांनी धाडकन सुरुवात केली. केरू मागे, त्याला काही दिसत नव्हतं, ढोल ऐकून त्याने पाऊल उचललं. आप्पांचे पाय मात्र जागचे निघालेच नाहीत. दांडा त्यांच्या डोक्यावरून घसरून मानेवर आला, आप्पा गुडघ्यावर गेले आणि दांड्याचं टोक जांभ्यावर आपटलं. चारपाच जणांनी झेप घेऊन पालखी धरली. रूप पडलं नाही, थोडं कलंडलं एवढंच. पण दांडा जमिनीला टेकला होता, आणि नाचात तो टेकू द्यायचा नसतो.

भागोजींनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. गुरवाने नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, लेकरांचं चुकलं-माकलं पोटात घाल म्हणून. चुलत घरातला तो तरणा पोरगा पुढे झाला, त्याने दांडा डोक्यावर घेतला आणि ढोल पुन्हा सुरू झाला. देवीचा नाच पुरा व्हायला हवाच. आप्पा सहाणेच्या कडेला बसले होते, एक हात मानेवर. त्या पोराचे पाय बघत होते. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, "डावा पाय लवकर टाकतो. शिकंल."

कशा वडाच्या बुंध्याशी उभा होता. त्याने कॅमेरा मिटलाही नव्हता.

आप्पांची मान त्यानंतर कधी नीट वळली नाही. कुणी हाक मारली तर सगळं अंग फिरवून बघावं लागे. वैद्याने तेल दिलं, शेक सांगितला. आप्पांनी आपल्या लेकाला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट तो मुंबईला निघाला तेव्हा विचारलं, "आला असंल ना रं फोटू बरा?" कशा त्यांच्या पायाशी वाकला तो बराच वेळ उठला नाही.

वैशाखात गावचा एक माणूस मुंबईहून आला, त्याच्याबरोबर कशाने फोटो पाठवला. आमच्या ओटीवर सगळे जमले. खोटं कशाला बोलू, फोटो सुंदर आला होता. धूर नाही, काळोख नाही. देवीच्या नथीतले मोतीसुद्धा मोजून घ्यावेत. भागोजींनी फोटोला हात जोडले. "वा, वा. ह्याला म्हनतात फोटू. कशान् नाव काढलान!"

फोटो हातोहात फिरून आप्पांकडे आला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"हा कोन उबा हाय?"

"आप्पा, तुमीच की," मी म्हटलं.

"मी?" त्यांनी परत बघितलं. फोटोतला माणूस डोळे ताणून समोर बघत होता, कचेरीत नाव पुकारलेल्या माणसासारखा. पाय जोडलेले. ओठ घट्ट. "मी सहानंवर उबा कदी ऱ्हायलो, गोदा?"

भागोजी घसा खाकरून उठले. आप्पांनी फोटो गुरवाकडे दिला आणि म्हणाले, "देवीचा फोटू हाय. देवळात लाव. आमच्या घरात कशाला?"

गणपतीला कशा आला नाही. रजा मिळाली नाही म्हणे. शिमग्याला आला तो उतरल्या चेहऱ्यानेच. आल्या संध्याकाळी मी विहिरीवर कळशी घासत होते, तिथे येऊन बसला.

"बाय, शंभरच लावायला होवा होता."

"काळा आला असता ना?"

"काळा आला असता तर आला असता. काळ्यात बी हात दिसले असते, पाय दिसले असते. डोळं बारीक करून बगितला असता तर नाच दिसला असता. मला देवी निवळ होवी होती, लोकांनी वा म्हनायला होवा होता. आप्पान् काय मागितलान, तां मी इसारलो."

मला त्याचा राग होता, वर्षभर होता. वाटलं होतं, आला की चांगला फैलावर घेईन. पण तो असा राखेत हात घालून बसलेला पाहिला आणि मी कळशी बाजूला ठेवली. मग मीच त्याला सांगितलं, की आप्पा नाचायचे थांबलेले नाहीत. कुठे लांब ढोल वाजला तरी ओटीवर बसल्या बसल्या त्यांचे पाय चालू होतात, खांदे डुलतात, डोळे अर्धे मिटतात. तेवढ्यापुरतं त्यांना मानेचंही भान राहत नाही. उद्या पालखी आपल्या अंगणात येईल तेव्हा बघ.

कशाने मान वर केली. "कदी येनार पालखी?"

"यंदा आपल्याकडे पहिली. भर उन्हात."

त्याने आप्पांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ऊन कुठे पडतंय ते बघून, आप्पांचं आसन ओटीच्या कडेला, बरोबर उन्हात सरकवून ठेवलं. अंगावर घोंगडं होतं ते काढून घेतलं. काटा शंभरावर ठेवला आणि मला दाखवला. नवी कोरी फिल्म होती. मी देवीला मनात म्हटलं, बाई, एवढं दे. आप्पा पार थकले होते, पुढचा शिमगा त्यांना दिसेल असं आम्हाला कुणालाच वाटत नव्हतं.

पालखी अंगणात आली. ढोल घुमला. तो तरणा पोरगा पुढे होता, पालखी खांद्यावर नाचत होती आणि त्याचा डावा पाय आता बरोबर पडत होता. आप्पा ओटीवर बसले होते. आधी त्यांचा अंगठा हलला. मग पाऊल. मग गुडघे, मग खांदे, आणि त्यांचे डोळे अर्धे मिटले. त्या लाकडासारख्या मानेवर जणू पुन्हा दांडा आला होता आणि त्याचं वजन नव्हतं. चेहरा असा उजळला होता की मी ओटीचं ताट तसंच हातात धरून उभी राहिले.

कशा हळूच पुढे झाला आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावला.

आप्पांना तो दिसला. त्यांचे पाय थांबले. खांदे थांबले. त्यांनी घाईने धोतर सारखं केलं, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, पाठ ताठ केली आणि डोळे ताणून समोर बघू लागले.

"काढ," ते ओठ न हलवता म्हणाले. "हलत न्हाय मी."

"आप्पा, नाचा तुमी! हालला तरी चालंल!"

"नको रं. तुजा फोटू बिगडंल."

"न्हाय बिगडायचा, आप्पा! शंभरावर हाय! हला, आप्पा, हला की वो!"

आप्पांना वाटलं, पोरगा धीर द्यायला बोलतोय. ते आणखी ताठ झाले. त्यांनी श्वाससुद्धा धरला. अंगणात नाच पुरा झाला, मी ओटी भरली, पालखी अंगणाच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, बाहेर पडून भागोजींच्या घराकडे वळली, ढोल लांब गेला. तरी आप्पा तसेच बसून होते, मुलाचा फोटो बिघडू नये म्हणून, आणि कशा कॅमेरा डोळ्याला लावून रडत होता.